तीन तोंडांची साक्ष

गावच्या इतिहास मंडळाची सभा वाचनालयाच्या माडीवर भरायची. माडीला खिडक्या होत्या, पण त्या उघडायच्या नाहीत, कारण वाऱ्याने पुरावे उडतात असं अध्यक्षांचं म्हणणं. पुरावे म्हणजे भिंतीला टाचण्यांनी टोचलेले जुने फोटो, काचेच्या कपाटातली गंजकी कुलपं, कुणाच्या तरी चुलत्याचा चष्मा आणि एक लाकडी ठोकळा. तो ठोकळा कशाचा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं आणि म्हणूनच त्याच्यावर सगळ्यात जास्त व्याख्यानं झाली होती. खोलीत ओल्या पुठ्ठ्याचा, जुन्या घामाचा आणि गार झालेल्या चहाचा वास कायम मुक्कामाला असायचा. सभेला येणारी टेलरबाई जिना चढायची ती नाकाला पदर लावूनच.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. ते बिस्कीट चहात बुडवायचे आणि बोलण्याच्या नादात विसरायचे. बिस्कीट तुटून कपाच्या तळाला जायचं. मग हेडमास्तर ते बोटाने खरवडून काढायचे, बोट चोखायचे आणि त्याच बोटाने भिंतीवरच्या फोटोतली माणसं ओळखून दाखवायचे. त्यामुळे गावच्या निम्म्या पूर्वजांच्या तोंडावर तपकिरी डाग पडले होते. टेलरबाई नजर दुसरीकडे वळवायची. बाकीचे मात्र माना डोलवायचे.

मंडळाचे चिटणीस मेडिकलवाले. खाली चौकात त्यांचं औषधांचं दुकान होतं. खोकल्याच्या औषधापासून गावच्या स्थापनेपर्यंत काहीही विचारा, हा माणूस माहीत नाही असं कधी म्हणणार नाही. सभेत त्यांचं काम एकच, फोन पुढे धरून आवाज भरून घ्यायचा. कधी कुणाला खोकला आला की तोही इतिहासात जायचा.

मंडळाचे उद्योग मात्र दांडगे. महिन्याला एक व्याख्यान, वर्षाला एक पुस्तिका, आणि हवा बरी असली की वारसा फेरी. वारसा फेरीत सगळे रांगेने गावातून हिंडायचे आणि दर दहा पावलांवर एखाद्या पडक्या भिंतीपुढे उभे राहायचे. एकदा असेच सगळे एका दगडी हौदापुढे भक्तिभावाने उभे असताना आतून घरमालकीण बाहेर आली आणि तिने त्यात म्हशीचं पाणी ओतलं. हेडमास्तरांनी तेही लिहून घ्यायला सांगितलं, परंपरा अखंड आहे म्हणून.

आणि मंडळाचा एक नियम होता. तीन तोंडांचा. गावातल्या तीन म्हाताऱ्या माणसांनी एखादी गोष्ट आठवते म्हणून सांगितली, की ती खरी. मग ती पुस्तिकेत छापायची, पाटीवर कोरायची, शाळेच्या पोरांना पाठ करायला लावायची. कागद खोटं बोलतात, माणसं बोलत नाहीत, असं हेडमास्तर म्हणायचे. हे म्हणताना त्यांच्या मिशीत बिस्किटाचा चुरा असायचा.

टेलरबाई या घोळक्यात शिरली ती बापासाठी. पूल होण्याच्या आधी नदीवर नाव चालायची आणि नावाडी होता तिचा बाप. एका पावसाळ्यात, ऐन पुरात, संध्याकाळच्या खेपेला नाव उलटली. बाजारातून परतणारी गावची माणसं बुडाली, त्यांच्याबरोबर तोही बुडाला. टेलरबाई तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. आई आधीच गेलेली, म्हणून आत्याने तिला वाढवलं, शिवण शिकवलं, पुढे दुकान काढून दिलं. आता आत्याच पिकल्या पानासारखी झाली होती आणि टेलरबाई तिला सांभाळत होती. दुकान नेमकं पुलाच्या तोंडाशी होतं. मशीनवर बसलं की समोर नदी दिसायची.

हेडमास्तरांनी ‘पुलाआधीची नदी’ असं व्याख्यान ठेवलंय हे कळलं तेव्हा ती हरखून गेली होती. बापाबद्दल चार शब्द ऐकायला मिळतील म्हणून कामं टाकून पहिल्या रांगेत जाऊन बसली होती. आत्यालाही रिक्षात घालून आणलं होतं. गावातली सगळ्यात वयस्कर बाई म्हणून मंडळाने आत्याला पुष्पगुच्छ दिला आणि कायमची पुढची खुर्ची दिली.

त्या व्याख्यानात, नाव उलटली तो भाग आला तेव्हा, हेडमास्तर थांबले, घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, “आता इतका मुरलेला नावाडी, त्याच्या हातून असं का व्हावं? माझा आपला अंदाज आहे हो. थंडीवाऱ्याचा माणूस, थोडी घेतली असेल.”

टेलरबाईला ते वर्मी लागलं. पण अंदाज तर अंदाज, व्याख्यान म्हटलं की तिखटमीठ आलंच, असं म्हणून तिने ते गिळलं.

हेडमास्तरांना मात्र त्या वाक्याला माडीवर जी शांतता मिळाली तिची चटक लागली. पुढच्या पावसाळ्यात तेच व्याख्यान झालं आणि अंदाज गळून पडला. नावाडी प्यायलेला होता. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्याला झोकांड्या जाऊ लागल्या. मग काठावरच्या गवतात बाटली आली. मग बाटलीला बूच आलं. दरवर्षी बापाच्या पोटात थोडी थोडी जास्त दारू जात होती आणि टेलरबाई खुर्चीची कड घट्ट धरून ऐकत होती. विरोध करायला ती दोनदा उठलीही. हेडमास्तरांनी हात दाखवून बसवलं, म्हणाले, “बाई, भावना समजतात. पण इतिहास निष्ठुर असतो.”

निष्ठुर कसला, लोचट होता मेला. कारण पुढे झालं ते असं. तेच व्याख्यान पावसाळ्यामागून पावसाळे ऐकणारी म्हातारी माणसं हळूहळू माना हलवू लागली. आधी नुसत्या माना. मग “असंच झालं होतं.” मग “मी पाहिलंय ना.” आणि हेडमास्तर खुशीत येऊन म्हणायला लागले, बघा, मी म्हणत होतो त्याला लोकांच्या आठवणीतून दुजोरा मिळतोय. आपणच कापड कापायचं, आपणच शिवायचं, लोकांच्या अंगात घालायचं, आणि मग म्हणायचं, बघा, अख्ख्या गावाचा वेश पूर्वीपासून हाच. टेलरबाईला हे इतकं स्वच्छ दिसत होतं की बाकी कुणालाच कसं दिसत नाही याचीच तिला शिसारी यायची.

निवृत्त पोस्टमनकाका हे पहिलं तोंड. त्यांनी झोकांड्या पाहिल्या होत्या. दुसरं तोंड म्हातारा दूधवाला, त्याने बाटली पाहिली होती. वास्तविक दूधवाला त्या काळात नदीच्या पलीकडच्या गावात राहायचा आणि इकडे आला तो पूल झाल्यावर. पण हे बोलून दाखवणं असभ्यपणाचं ठरलं असतं.

इथवर टेलरबाईने सहन केलं. मग एका सभेत मेडिकलवाल्यांनी उठून सांगितलं की पुलाच्या तोंडाशी स्मारकाचा दगड बसवायची परवानगी मिळाली. टाळ्या वाजल्या. त्यांनी मजकूर वाचला, “नावाड्याच्या मद्यपानामुळे या जागी जलसमाधी मिळालेल्या ग्रामस्थांच्या स्मरणार्थ.”

पुलाच्या तोंडाशी, म्हणजे तिच्या दुकानासमोर. म्हणजे मशीनवरून मान वर केली की तो दगड. ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई आधी दगड वाचणार, मग दुकानाची पायरी चढणार. टेलरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तिसरं तोंड कुठाय?” तिने विचारलं.

हेडमास्तर हसले. “आहे की. तुमच्याच घरी. आत्याबाईंची साक्ष घ्यायची राहिलीये फक्त. सख्ख्या बहिणीपेक्षा मोठा साक्षीदार कोण असणार?”

हे ऐकलं आणि टेलरबाईच्या जिवात जीव आला. तिला जवळजवळ हसू फुटलं. कारण ती ज्या एका वाक्यावर लहानाची मोठी झाली होती ते आत्याचंच होतं. गावात कुणी तिरकं बोललं, शाळेत कुणी चिडवलं, की आत्या तिचे डोळे पुसत म्हणायची, माझ्या भावाने दारूला कधी तोंड लावलं नाही, हे लक्षात ठेव आणि मान वर करून चाल. या मंडळींना आता आत्याच सरळ करेल, असं म्हणत टेलरबाई जिना उतरली. साक्षीच्या दिवशी तिने मुद्दाम घर झाडून ठेवलं आणि चांगले कप काढले.

हेडमास्तर आणि मेडिकलवाले दुपारी आले. आत्या कॉटवर उशीला टेकून बसली होती. तिने धुतलेली साडी नेसली होती आणि केसांना तेल लावून घेतलं होतं. फोन तिच्या तोंडासमोर धरला तेव्हा ती नव्या नवरीसारखी लाजली.

हेडमास्तरांची साक्ष घ्यायची पद्धत टेलरबाईने पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. प्रश्न म्हणून काही विचारायचंच नाही. सगळी हकीकत स्वतःच सांगायची, रंगवून, हातवारे करून, आणि शेवटी म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणायचं, बरोबर ना?

“आजी, तो पावसाचा दिवस होता. नदी फुगली होती. तुमचा भाऊ संध्याकाळी घराबाहेर पडला, तेव्हा त्याच्या पायांचं काही खरं नव्हतं. बरोबर ना?”

“बरोबर,” आत्या म्हणाली.

टेलरबाईने हातातला ट्रे खाली ठेवला.

“सर, असं विचारतात का कुणाला?” ती म्हणाली. “तिला तिचं तिचं सांगू द्या की.”

“सांगू द्या, सांगू द्या,” मेडिकलवाले म्हणाले. “आजी, तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा.”

आणि आत्याने तिच्या शब्दांत सांगितलं. ती घडाघडा बोलायला लागली. झोकांड्या सांगितल्या. गवतातली बाटली सांगितली. बूच दातांनी उपटून काढल्याचं सांगितलं, हे तर हेडमास्तरांनाही सुचलं नव्हतं. मी त्याला म्हणाले, अरे नको जाऊ, नावेत माणसं असणार, पण पिऊन तर्र असलेला माणूस ऐकतो का कुणाचं? हे सांगताना तिचा आवाज कापला आणि डोळ्यांतून खरं पाणी आलं. मेडिकलवाल्यांनी तिच्या तोंडाजवळ फोन आणखी सरकवला. हेडमास्तर डोळे मिटून ऐकत होते, एखादं गोड गाणं चालू असल्यासारखे, आणि त्यांच्या बशीत बिस्किटाचा लगदा पसरत होता.

ते गेल्यावर टेलरबाईने दार लावलं आणि कॉटसमोर उभी राहिली.

“आत्या, हे काय बोललीस तू? तूच ना म्हणायचीस, बाबांनी कधी दारूला तोंड लावलं नाही?”

“मी?” आत्या म्हणाली. “मी कशाला असं म्हणेन?”

“जन्मभर म्हणत आलीस.”

“तू लहान होतीस गं पोरी. तुला काय ठाऊक? माझ्या डोळ्यांसमोर घडलंय सगळं.” मग तिने पाय लांब केले आणि विचारलं, “माझा आवाज बरा आला का त्यात?”

टेलरबाईला त्या क्षणी आपल्या सख्ख्या आत्याची किळस आली. तेल लावलेल्या केसांची, ओठाच्या कोपऱ्यात चिकटलेल्या बिस्किटाच्या कणाची, त्या समाधानाची. ज्या बाईने आपले डोळे पुसले तिची किळस यावी याची आणखी किळस आली. तिने ओलं फडकं आणून आत्याचं तोंड पुसलं, जरा जोरातच.

दगड कोरायला देण्यापूर्वी मंडळात एक शिरस्ता होता. मजकूर भर सभेत तीनदा वाचायचा आणि कुणाला वेगळी आठवण असेल तर विचारायचं. हेडमास्तर याला लोकशाही म्हणायचे. त्या दिवशी माडी गच्च भरली होती. खिडक्या बंद, पंखा नुसता कुरकुरत होता. पुढच्या रांगेत आत्या, पोस्टमनकाका आणि दूधवाला, तिघं फोटो काढायला बसल्यासारखे बसले होते. भिंतीवर पडदा लावून त्यावर बापाचा एक जुना फोटो मोठा करून दाखवला होता. हेडमास्तरांच्या बोटाचा डाग त्याच्या गालावर नेमका उठून दिसत होता.

मजकूर दोनदा वाचून झाला. तिसऱ्यांदा वाचायच्या आधी टेलरबाई उभी राहिली.

“मला हे मान्य नाही.”

“मान्य-अमान्याचा इथे प्रश्न नाही, बाई,” हेडमास्तर म्हणाले. “मत चालत नाही. आठवण लागते. तुम्हाला त्या संध्याकाळचं काही आठवतं का? तुम्ही घरात होतात. आठवत असेल तर सांगा, आम्ही बंद करून नाही ठेवलेलं कुणाचं तोंड.”

मेडिकलवाल्यांनी फोन तिच्याकडे वळवला.

टेलरबाईने आठवायचा प्रयत्न केला. अगदी प्रामाणिकपणे केला, दुसरं काही नको, जे असेल ते निघू दे म्हणून. बाप दारात उभा राहिलेला डोळ्यांसमोर आणायला गेली, तर समोर आला तो पडद्यावरचा फोटो, गालावरच्या डागासकट. पाऊस आठवायला गेली, तर हेडमास्तरांचा हात वरखाली हलताना दिसला. गवत आलं, गवतात बाटली आली. ती बाजूला सारून ती आणखी आत गेली. बापाने जाताना वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला असणार, कुठलाही बाप ठेवतो. तो वाकला. आणि वास आला, दारूचा, भपकन.

तिला धरायला काही मिळेना. हा वास बापाचा होता की या माडीवरचा, हे तिला आता कुणी सांगू शकणार नव्हतं. इतकी वर्षं ती या लोकांकडे नाक मुरडून बघत होती आणि हे लोक कधीच तिच्या डोक्यात शिरून बिऱ्हाड थाटून बसले होते.

“बाई?” हेडमास्तर म्हणाले. “नसेल आठवत तर बसा. लाजण्यासारखं काही नाही.”

“आठवतं,” टेलरबाई म्हणाली.

तिला काहीही आठवत नव्हतं. पण वर्षानुवर्षं लोकांचे कपडे उसवून पुन्हा बेतायची सवय होती तिला. कापड तेच ठेवायचं, कुणाला नवं वाटायला नको, फक्त शिवण बदलायची.

“बाबांना ताप होता,” ती म्हणाली. “झोकांड्या जात होत्या हे खरं. पोस्टमनकाका बोलले त्यात खोटं काही नाही. अंगात ताप फणफणत होता, म्हणून पाय ठरत नव्हते. आणि ती बाटली औषधाची होती.”

खोलीत चुळबुळ झाली. हेडमास्तरांची भुवई वर गेली. टेलरबाई त्यांच्याकडे न बघता मेडिकलवाल्यांकडे वळली.

“औषध तुमच्या वडिलांनी दिलं होतं, चिटणीस. पाऊस पडत असताना दुकान उघडून दिलं. तुमच्या घरात ते नेहमी म्हणायचे, असा नावाडी होणे नाही. बरोबर ना?”

मेडिकलवाल्यांच्या हातातला फोन जरा खाली आला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला. मग तो गोंधळ विरघळून तिथे काहीतरी मऊ, तुपकट पसरलं.

“वडील होतेच तसे,” ते म्हणाले. “पावसात दुकान उघडल्याचं बोलायचे खरे. कुठल्या तरी नावाड्याचं बोलायचे.”

टेलरबाईला आता थांबून चालणार नव्हतं.

“आणि ती बाटली घरी आणून कुणी दिली? पोस्टमनकाका, तुम्हीच ना? पिशवीत पत्रांबरोबर घालून आणलीत, भिजत. बरोबर ना?”

पोस्टमनकाका ताठ बसले. आयुष्यभर लोकांची पत्रं पोचवली, पण आजपर्यंत कुणी त्यांना भर सभेत त्याबद्दल विचारलं नव्हतं.

“आणली होती,” ते म्हणाले. “पिशवीत वर ठेवली होती, फुटू नये म्हणून. तापाचं औषध. मीच म्हणालो त्याला, आज नको जाऊ नावेवर.”

“पण तुम्ही तर म्हणाला होतात की तो प्यायला होता,” मागून कुणीतरी म्हणालं.

“प्यायला होताच,” पोस्टमनकाका म्हणाले. “औषध.”

दूधवाल्याला विचारायची वेळच आली नाही. तो स्वतःच उठला. पुढची रांग सोडून इतिहास दुसरीकडे चाललाय हे त्याने ओळखलं होतं. “कुडकुडत होता हो बिचारा,” तो म्हणाला. “मी कोमट दूध दिलं त्याला. घेतलं नाही. म्हणाला, आधी माणसं पलीकडे पोचवतो, मग पितो.”

एक-दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. टेलरबाई उभी होती आणि तिला वाटत होतं की आपण आता इथेच, या खुर्च्यांच्या मधे, ओकणार. किती सोपं होतं हे. प्रत्येकाला एकेक घास भरवायचा, की तोंड आपोआप हलायला लागतं. आणि तिला हे जमत होतं. हेडमास्तरांपेक्षा बरं जमत होतं.

हेडमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना राग येईल असं टेलरबाईला वाटलं होतं, निदान यायला हवा होता. पण त्यांचे डोळे चमकायला लागले. अंगात ताप असताना कर्तव्य करणारा नावाडी हा प्यायलेल्या नावाड्यापेक्षा कितीतरी मोठा विषय होता. त्याच्यावर नवं व्याख्यान होणार होतं, पुस्तिका निघणार होती.

“आत्याबाई,” ते पुढे वाकून म्हणाले, “तुम्ही बहीण. भावाला ताप होता, बरोबर ना?”

आत्याने इकडे तिकडे पाहिलं. सगळी माडी तिच्याकडे बघत होती.

“होता की,” आत्या म्हणाली. “अंग नुसतं भाजत होतं.”

“साक्ष सुधारून घ्या,” हेडमास्तर चिटणीसांना म्हणाले. “तिन्ही तोंडांची.” मग टेलरबाईकडे वळून हात जोडले. “बाई, इतकी वर्षं का गप्प बसलात? इतिहासावर केवढा अन्याय झाला असता.”

नवा मजकूर तिथल्या तिथे ठरला. “तापाने फणफणत असतानाही कर्तव्य न सोडणाऱ्या नावाड्याच्या व त्याच्यासोबत जलसमाधी मिळालेल्या ग्रामस्थांच्या स्मरणार्थ.” तो तीनदा वाचला गेला आणि कुणालाही वेगळं काही आठवलं नाही. टाळ्या झाल्या. हेडमास्तरांनी स्वतःच्या हाताने टेलरबाईला बिस्कीट दिलं, चहात बुडवून, आणि ते तिने खाल्लं.

ती रिक्षाने आत्याला घेऊन घरी आली. पुलाजवळून जाताना दगड बसवायला खणलेला खड्डा दिसला. आता तिथे जे उभं राहणार होतं ते वाचून माप द्यायला येणारी बाई दुकानाची पायरी आदराने चढणार होती. टेलरबाईला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तोंडात मात्र तो ओला, गोडसर लगदा अजून चिकटलेला होता.

आत्याला कॉटवर बसवलं, चपला काढल्या, पाय वर घेतले. आत्या खुशीत होती. गर्दीत गेलं की तिला तरतरी यायची.

टेलरबाई तिच्या पायाशी बसली. घरात दुसरं कुणी नव्हतं. फोन नव्हता, पुढची रांग नव्हती. त्या संध्याकाळी घरात असलेलं, जिवंत राहिलेलं मोठं माणूस जगात आता हे एकच होतं.

“आत्या,” तिने विचारलं, “आता कुणी ऐकत नाहीये. मला एकटीला सांग. बाबा खरंच प्यायचे का गं? काही असलं तरी चालेल. मी कुणाला सांगणार नाही. फक्त खरं सांग.”

आत्याने तिच्याकडे पाहिलं. डोळे निवळ होते, त्यात लबाडी नव्हती की विसराळूपणा नव्हता.

“कोण प्यायचं?” ती म्हणाली. “ताप होता त्याला. दुपारभर मी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते आणि तू वाटीत पाणी धरून माझ्या शेजारी बसली होतीस. विसरलीस की काय?”

वाटी पितळेची होती, काठाला पोचा आलेली. टेलरबाईला ती दिसली.

“नाही,” ती म्हणाली. “आठवतं.”

मग तिने मोरीत जाऊन चूळ भरली, आणि मग आणखी एक.